पू-पेशी : भरपूर

हौसाक्का मधाळेच्या अंगठ्यात
तेंदूच्या पानावर चालणारी कात्री
जरा तिरकी गेली, बेस्तरवारी.
सोमवारी अंगठा वांग्यासारखा.
डॉक्टर हत्तरकींनी चीर दिली,
कापसाच्या बोळ्यावर जे आलं
ते काचेवर पसरून
माझ्याकडे पाठवलं, निपाणीत, चिकोडी रस्त्याला,
गाळा नंबर सहा.

फॉर्म कन्नडात छापलेला.
नाव मी मराठीत लिहिलं,
कंपाउंडरनं त्यावर कन्नडात गिरवलं;
त्यात मधाळेची मदाळी झाली.
काचेला दोन्ही वाचता येत नाही.

काच ज्योतीवरून तीनदा फिरवली.
जांभळा रंग, आयोडीन, स्पिरिट, मग लाल.
तेलाचा एक थेंब.
डोळा लावला
आणि दिसली
जेवता जेवता मेलेली पंगत.

गुलाबी पेशी, प्रत्येकीच्या पोटात
घाईनं बांधलेल्या गाठोड्यासारखं
तीन-चार गाठींचं केंद्रक,
आणि त्याला खेटून
जांभळे मणी, घोस-घोस,
काही गिळलेले, काही अर्धे बाहेर.

इथं सगळं थांबलेलं.
पण चालू असताना कसं असतं
ते धारवाडला शिकत होतो तेव्हा
सरांनी ताज्या थेंबात दाखवलं होतं एकदा.
डोळे नसलेली ती पेशी वासावर निघते.
म्हणजे नाकही नाही तिला,
तरी आमच्या गावात नवखा माणूस
शिंकत शिंकत तंबाखूच्या वखारीशी पोचतो
तशी ती पोचते,
तांबड्या पेशींना खांदे मारत.

जंतूच्या अंगाला तोवर
रक्तातली प्रथिनं चिकटलेली,
धोतराला कुसळं लागावी तशी.
त्या कुसळांनाच धरून
ती आपली कड पुढे सरकवते,
एक ओठ इकडून, एक तिकडून,
आणि मिटते.

मला दर वेळी इथंच थबकायला होतं.
ती दार उघडत नाही. दार तिला नाहीच.
स्वतःची सीमाच ती आत दुमडते
आणि बाहेरचा आत येतो
तिच्याच कडेच्या तुकड्यात गुंडाळून,
पानात तंबाखू वळावा तसा.

मग आतली दुसरी पिशवी
त्या पिशवीला येऊन भिडते.
आम्ल, विकरं, आणि
फरशी पुसायची बाटली आहे ना माझ्या कोपऱ्यात,
त्याच जातीचं पाणी,
तिनं तिथल्या तिथं बनवलेलं.
जंतूची भिंत भोकाभोकांची होते.
मग भिंत राहत नाही.
पुवाला हिरवट झाक असते,
ती तिच्या हत्याराची.

पुस्तकात एक गोष्ट बारीक अक्षरात होती:
हे जांभळे घोस
बहुतेक वेळा दुरून आलेले नसतात.
कातडीवर, नाकपुडीत
वर्षानुवर्षं राहत असतात,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
कात्रीनं एक रेघ उघडली
आणि एका रात्रीत ते परके झाले.
रिपोर्टात यासाठी रकाना नाही.

पाचच्या सुमाराला हौसाक्का आली,
कारखान्यातून परस्पर,
पदराला अजून पानाचा चुरा.
"काय घाण निघाली रं?"
"घाण न्हवं अक्का. तुमचीच माणसं.
खाऊन खाऊन मेलीत."
ती बाकाच्या कडेला टेकली.
"लई जगत्यात?"
"एखाद दिवस."
"पोरंबाळं?"
"न्हाईत. हाडाच्या मगजात
नवी निपजत्यात, रोज."
"म्हंजे रोजंदारीच की,"
ती म्हणाली,
आणि बांधलेला अंगठा बाजूला धरून
उरलेल्या बोटांनी
हवेतच एक विडी वळून बघितली.
जमली नाही.

मी रिपोर्ट भरला,
शिक्का मारला, दोन्ही लिप्यांतला.
तिनं कागद उलटा-सुलटा केला,
वाचून दाखव म्हणाली.
पू-पेशी : भरपूर.

"भरपूर म्हंजे," तिनं विचारलं,
"बरं का वाईट?"